गॉलच्या तटबंदीत राहावं की बाहेर? (सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई)

नौपाड्याची_नमू | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, महिनाभर रोज रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर हॉटेलं बघत बसते आणि उठताना कालच्यापेक्षा जास्त गोंधळलेली असते. म्हणून शेवटी धागा काढतेय.

आम्ही चौघं. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. जायचं श्रीलंकेत गॉलला. सहा रात्रींची सुट्टी जमवलीय, त्यातल्या निदान तीन गॉलला काढायच्या आहेत. कँडी, नुवारा एलिया सोडून गॉलच का, असं कुणी विचारण्याआधीच सांगते, हट्ट आईंचा आहे. त्यांचं माहेर वसईचं, पापडीचं. लहानपणी किल्ल्यात चिंचा गोळा करायला जायच्या. चर्चच्या भिंती उभ्या, वर छप्पर नाही, आत रान माजलेलं. मध्यंतरी टीव्हीवर त्यांनी गॉल पाहिलं. तिथला किल्लाही पोर्तुगिजांनीच सुरू केलेला, पण आत अजून माणसं राहतात, शाळा भरते, कोर्ट चालतं. तेव्हापासून एकच धोशा, "मोडका किल्ला जन्मभर पाहिला गं, एकदा नांदता दाखव." यावर काय बोलणार?

आता अडचण. आईंचा उजवा गुडघा बदललेला आहे, डावा कुरकुरतोय. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं छान चालतात, जिन्याशी मात्र वैर. नवरा म्हणतो, बाहेर समुद्रकाठी रिसॉर्ट घेऊ, लिफ्ट असेल, पोरगं पोहेल, किल्ला एका दिवसात बघून येऊ. माझा जीव आत राहण्यात अडकलाय. बजेट दोन खोल्यांचे मिळून रात्रीचे पंधरा हजार, आपले रुपये. सुट्टी नाताळातली. कुणी राहून आलंय का?

येऊरचा_वाटाड्या | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

आत. डोळे झाकून आत.

आम्ही पहिल्या वेळी तुमच्या यजमानांचं ऐकल्यासारखं केलं होतं. उनावटुनाला समुद्रावर राहिलो, किल्ल्यापासून पाचेक किलोमीटर. सकाळी दहाला किल्ल्यात गेलो, तर कोलंबोहून आलेल्या बसगाड्या, छत्र्या, फोटो काढणारे नवरानवरी. घामाघूम होऊन तीनला परतलो. मग शेवटच्या दिवशी सहज संध्याकाळी गेलो आणि चूक कळली. सूर्य बुडाला की दिवसाची माणसं निघून जातात. गल्ल्या रिकाम्या. घरांच्या पडवीत म्हातारे खुर्च्या टाकून बसतात, पोरं तटावर क्रिकेट आणि पतंग. सकाळी साडेसहाला तर तटावर आपण, कावळे आणि दोन-चार फिरायला आलेली स्थानिक मंडळी. आईंना नांदता किल्ला बघायचाय ना? तो या दोन वेळांनाच दिसतो, आणि बाहेर राहून या दोन वेळा साधत नाहीत.

अंतराची काळजी करू नका. किल्ला म्हणजे काही रायगड नव्हे. या टोकापासून त्या टोकाला पंधरा मिनिटांत चालत जाल, आणि गल्ल्या जवळपास सपाट आहेत. चढ आहे तो तटावर चढायचा, त्याला गवताचे उतारही सापडतात.

सीवूड्सची_सई | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

वाटाड्याभाऊ, "डोळे झाकून" नको हो. मी डोळे झाकूनच बुक केलं होतं.

नमूताई, माझ्या आईला घेऊन गेले होते, तीही गुडघ्यांचीच. संकेतस्थळावर फोटोत चार खांबांचा पलंग, मच्छरदाणी, खिडकीतून समुद्र. "पहिला मजला" लिहिलं होतं. मी समजले, एक जिना, धरून धरून चढेल. तो जिना म्हणजे आपल्या गावच्या घरात माळ्यावर जायला असतो तसला निघाला. लाकडी, उभाच्या उभा, कठडा एकाच बाजूला आणि तोही उतरताना डाव्या हाताला. पायरीवर अख्खं पाऊल मावेना. आई पहिल्या रात्री वर गेली ती दुसऱ्या दिवशी खाली उतरायलाच तयार नाही! नाश्ता वर मागवला. त्यात न्हाणीघर खोलीपेक्षा दोन पायऱ्या खाली. आणि समुद्र खोलीतून नाही, गच्चीवरून दिसायचा. गच्चीला आणखी एक जिना.

मालक बिचारा चांगला होता, खोटं काही बोलला नव्हता. आपणच विचारलं नव्हतं. म्हणून आता मी जुन्या घरात राहायचं असलं की आधी मेल टाकून विचारते: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? मध्ये उंबरे किती उंच? न्हाणीघर खोलीच्या पातळीत आहे का? कठडा कुठल्या बाजूला? आणि जिन्याचा फोटो पाठवा. खोलीचा फोटो सगळेच पाठवतात. जिन्याचा जो पाठवेल त्याच्याकडे राहायचं.

किल्ल्यातली बहुतेक गेस्ट हाऊस जुनी डच किंवा इंग्रजी काळातली घरं आहेत. अख्खं गाव जागतिक वारसा यादीत आहे, पाडापाडी सहज करता येत नाही. त्यामुळे लिफ्ट शोधत बसू नका. तळमजल्याची खोली शोधा.

जुनी_वही | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आईंचा मुद्दा मनाला भिडला. माझं आजोळ वसईचं. पण त्यांना जाण्याआधीच एक गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड नको: गॉलमध्ये पोर्तुगीज बांधकाम फार थोडं उरलंय. दिसतं ते बहुतेक डचांचं.

पोर्तुगीज १५०५ मध्ये लंकेच्या किनाऱ्याला लागले. त्या तांड्याचा म्होरक्या लोरेन्सो द आल्मेदा. हाच पुढे १५०८ मध्ये आपल्या चौलच्या लढाईत पडला, म्हणजे अलिबागजवळच्या चौलला! त्यांनी गॉलला फक्त जमिनीकडच्या बाजूने भिंत घातली, समुद्राची बाजू खडकांच्या भरवशावर सोडली. १६४० मध्ये डचांनी ठाणं घेतलं आणि पुढे चारी बाजूंनी बुरुजबंद तट उभा केला. १७९६ मध्ये इंग्रज आले. त्यांनी फारसं मोडलं नाही, फक्त घड्याळाच्या मनोऱ्याखालचा आजचा मोठा दरवाजा १८७३ मध्ये तट फोडून काढला. गाड्या तिथून आत येतात. तुम्ही मात्र आईंना जुन्या दरवाजातून न्या. त्याच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह आहे आणि आतून मान वर केली की डच कंपनीचं, दोन सिंह, वर कोंबडा आणि साल १६६९.

हे गाव वाचलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. आगबोटींच्या काळात युरोपातून पूर्वेला जाणारी बोट कोळशासाठी गॉलला थांबायची. पण बंदरात खडक फार. मग इंग्रजांनी १८७५ पासून दहा वर्षं खर्चून कोलंबोला समुद्रात भलामोठा बांध घातला, बोटी तिकडे वळल्या आणि गॉल मागे पडलं. पैसा आला नाही, म्हणून जुनं पाडून नवं बांधायची खाज कुणाला सुटली नाही. कोलंबोचा स्वतःचा किल्ला त्याच सुमारास पाडला गेला. तिथल्या स्टेशनाचं नाव आजही "कोलंबो फोर्ट" आणि किल्ला शोधून सापडत नाही. आपल्या मुंबईच्या फोर्टची हीच तऱ्हा, १८६० च्या दशकात तट पाडला आणि नाव ठेवलं.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या तटाने अडवली. बाहेरचं बसस्थानक आणि क्रिकेटचं मैदान पाण्याखाली गेलं, आतलं गाव बरंचसं बचावलं.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

इतिहास झाला, आता पैशाचं बोलू.

नाताळ म्हणजे तिकडचा ऐन हंगाम. दक्षिण किनाऱ्याला डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत आणि आकाश मोकळं असतं, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य पाऊस. त्यामुळे २० डिसेंबर ते ५ जानेवारी दर चढतात, किमान तीन-चार रात्रींची अट येते आणि मोठी हॉटेलं २४ आणि ३१ तारखेला "गाला डिनर" सक्तीने गळ्यात मारतात, माणशी वेगळे पैसे. आईंनी त्या टर्कीकडे बघत बसायचं का?

दर डॉलरमध्ये दिसतो. त्याखाली बारीक अक्षरात दोन अधिक चिन्हं असली तर सावध. म्हणजे १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के व्हॅट वेगळा. शंभर डॉलरची खोली ११० वर जाते आणि मग जवळपास १३० वर. लहान घरगुती ठिकाणी बहुधा सांगितलेलाच दर असतो, तरी लेखी विचारा, "सगळं धरून किती?"

तुमच्या पंधरा हजारांत नाताळात किल्ल्यात दोन बऱ्या खोल्या अवघड, जानेवारीत सहज. मुलाची दोन-तीन दिवस शाळा बुडाली तर काय आकाश कोसळतं? फक्त जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला गॉलचा साहित्य महोत्सव असतो, तारखा दरवर्षी हलतात, त्या टाळा. तेव्हा किल्ल्यात माळासुद्धा मिळत नाही.

पासपोर्ट, ईटीए (श्रीलंकेत शिरायची ऑनलाइन परवानगी) वगैरे सरकारी संकेतस्थळावरूनच करा. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जागा दुप्पट पैसे घेतात. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत सुरू झालंय, पण सगळीकडे चालेल असं धरू नका. रोख ठेवा.

कोपरीचा_दादा | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

एवढा खटाटोप कशाला? दीवला जा. तोही पोर्तुगीज, तोही समुद्रात, तोही तटबंदीचा, आत गाव नांदतं. झांपा दरवाजा बघा, सेंट पॉलचं चर्च बघा. पासपोर्ट नको, डॉलर नकोत. वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. निम्म्या पैशात काम.

जुनी_वही | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

दादांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दीव १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं, त्यामुळे वसईच्या माणसाला ते गॉलपेक्षा जास्त ओळखीचं वाटेल. वसईतली चर्चं छपरासकट उभी असती तर कशी दिसली असती, ते दीवला कळतं. फक्त तिथे मोठा किल्ला वेगळा आणि गाव वेगळं, आणि रात्रभराच्या रेल्वेनंतर पुन्हा दोन-तीन तास गाडी. गुडघ्याचा विचार केला तर अडीच तासांचं विमान बरं.

नौपाड्याची_नमू | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. सईताई, तुझा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ही पोरगी शहाणी आहे." दीवचंही सांगितलं. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." म्हणजे दादा, तुम्ही माझा पुढच्या वर्षीचाही खर्च वाढवलात!

नवरा जानेवारीला तयार झालाय, दर बघून. संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ म्हणतो. आता दोन प्रश्न. विमानतळावरून गॉलला रेल्वेने जावं की गाडीने? समुद्राकाठच्या रेल्वेचे इतके फोटो पाहिलेत की मुलगा दाराशी बसायचं स्वप्न बघतोय. (बसू देणार नाही.) आणि आई शाकाहारी आहेत. नुसत्या अंड्यालाही हात लावत नाहीत. त्यांचं काय होणार?

येऊरचा_वाटाड्या | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५५

जाताना गाडी, येताना रेल्वे. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, गॉल दक्षिणेला. द्रुतगती मार्ग आता जोडलेत, कोलंबो शहरात न शिरता अडीच तासांच्या आसपास पोचाल. बॅगा, आई आणि विमानाचा शीण घेऊन फोर्ट स्टेशनच्या गर्दीत उतरू नका. आपलं ठाणे स्टेशन सायंकाळी सहाला आठवा.

परतताना कोलंबोला एक रात्र ठेवा आणि गॉलहून रेल्वे पकडा. गॉल स्टेशन किल्ल्याच्या दरवाजापासून चालत दहा मिनिटांवर आहे. कोलंबोकडे येताना डाव्या हाताच्या खिडक्या धरा, समुद्र तिकडे. काही ठिकाणी रूळ आणि लाट यांच्यात चार-पाच हातच अंतर उरतं. आरक्षण असलेली गाडी निवडा.

खलबत्ता | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

शाकाहाराचा प्रश्न आला, आता मी बोलणार.

आईंची उपासमार होणार नाही, उलट सकाळी त्यांना कोकणातच आल्यासारखं वाटेल. इंडिआप्पा म्हणजे आपल्या शिरवाळ्याच, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी पातळ डाळीबरोबर. आप्पा म्हणजे वाटीच्या आकाराचं जाळीदार घावन, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. त्यात अंडं फोडून घालतात, तेव्हा "प्लेन" असं स्पष्ट सांगायचं. कोवळ्या फणसाची भाजी म्हणजे पोलोस, ती एकदा खाल्लीत तर आपल्या कुयरीच्या भाजीला सवत आली म्हणून समजा. म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या परळात लावतात आणि वर कितुलचा पाक, काकवीसारखा दिसतो पण धुरकट चवीचा.

मेख एकच आहे आणि तिचं नाव उंबलकड. सुकवलेला मासा, दगडासारखा कडक, त्याचा चुरा ते हिंगासारखा कशातही टाकतात. ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीत, पोल सांबोलमध्ये, तो हमखास असतो, भाज्यांतही असतो. आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नसतो, मसाला असतो! "व्हेजिटेरियन" म्हटलं तर तो मान डोलावेल. "उंबलकड नको" म्हटलं तरच कळेल. कागदावर लिहून न्या. घरगुती ठिकाणी राहिलात तर आदल्या रात्री सांगता येतं, घरची बाई वेगळं वाटते. तटाच्या आत, तळमजला आणि घरगुती, माझं मत या तिन्हीला.

पोराटोरांचा_काका | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

मुलगा क्रिकेटवेडा असेल तर त्याला सांगा, मुरलीधरनची ८०० वी कसोटी विकेट गॉलच्या तटाबाहेरच्या याच मैदानावर पडली, २२ जुलै २०१० ला, आणि फलंदाज आपला प्रग्यान ओझा होता. तटावर उभं राहिलं की मैदान पायाखाली दिसतं, सामना असला तर लोक वरूनच बघतात, तिकीट न काढता. पण तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि खाली खडक. फ्लॅग रॉक नावाच्या बुरुजावर काही जण वरून समुद्रात उड्या मारून दाखवतात आणि मग पैसे मागतात. पोराला "मी पण" म्हणायची संधी देऊ नका.

रिक्षावाल्याने "आज रत्नांच्या सरकारी सेलचा शेवटचा दिवस" म्हटलं की हसून सोडून द्या. तो सेल रोजच शेवटच्या दिवसावर असतो.

नौपाड्याची_नमू | २ नोव्हेंबर, रात्री ११:००

अपडेट. सात ठिकाणी सईताईची प्रश्नावली पाठवली. तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी "नो प्रॉब्लेम मॅडम, व्हेरी ईझी स्टेप्स" एवढंच. एकाने जिन्याचा फोटो पाठवला, तो बघूनच माझे गुडघे दुखले. आणि एकीने, लेन बान स्ट्रीटवरचं घर आहे, चक्क व्हिडिओ पाठवला! रस्त्यावरून चालत निघाली, पडवी, उंबरा, आतलं अंगण, खोली, न्हाणीघर, आणि तोंडाने पायऱ्या मोजतेय. "फाइव्ह, मॅडम." दोन खोल्या, दोन्ही तळमजल्यावर अंगणाभोवती. नाश्त्यासकट, सगळं धरून, आमच्या बजेटच्या आत. समुद्र दिसत नाही. पंखा आणि एसी दोन्ही.

नवरा अजून घुटमळतोय. त्याच पैशात बाहेर तलाव असलेलं हॉटेल मिळतंय. "खोलीतून समुद्र नाही, पोहायला तलाव नाही, मग परदेशात जाऊन वाड्यात राहायचं?"

सीवूड्सची_सई | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

व्हिडिओवालीला ताबडतोब पैसे भरून टाक! भाओजींना म्हणावं, समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, आणि पोहायला रिक्षा करून उनावटुनाला जा दुपारचे. आई तेव्हा अंगणात झोप काढतील.

हिशेबनीस | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

+१. रद्द करण्याची शेवटची तारीख तेवढी लेखी घ्या. आणि तलावच हवा असेल तर शेवटची एक रात्र बाहेर काढा. गॉलजवळ जेफ्री बावा या त्यांच्या थोर वास्तुरचनाकाराने बांधलेलं जेटविंग लाइटहाऊस हॉटेल आहे. राहणं परवडलं नाही तरी चहा प्यायला जा आणि तिथला गोल जिना बघा, कठड्यावर धातूच्या सैनिकांची अख्खी लढाई चढत गेलीय. आईंना खालूनच दाखवा.

जुनी_वही | ३ नोव्हेंबर, दुपारी २:००

लेन बान म्हणजे डच भाषेत दोरखंड वळायची जागा. जहाजांचे दोर तिथे लांबच लांब ताणून वळत असणार. "वाड्यात राहायचं" म्हणणाऱ्या यजमानांना हेही सांगा की त्यांना अडीचशे रुपयांत रुमस्सलाची टेकडी बघता येईल. बंदराच्या पलीकडे आहे. हनुमान द्रोणागिरी घेऊन चालला होता, त्याचा तुकडा पडून ती झाली, असं तिथले लोक सांगतात आणि तिथल्या झाडपाल्याला औषधी मानतात. तिथून किल्ला समोर, पाण्यापलीकडे, पूर्ण दिसतो. (अडीचशे हा माझा अंदाज आहे, रिक्षावाल्याचा नव्हे.)

नौपाड्याची_नमू | २१ जानेवारी, रात्री ९:५०

परत आलो. कपड्यांचा ढीग धुवायचाय, पण आधी इथे लिहिते, नाहीतर राहून जाईल.

तक्रारी आधी. डास. अंगणात दिवस मावळला की डास, आणि मच्छरदाणीला एक भोक होतं तेही नेमकं माझ्या उशाशी. पहाटे कावळे इतके ओरडतात की गजर लावायची गरज नाही. खोलीत मोबाइलची रेंज नाही, भिंती दीड-दोन हात जाड. दुपारी बारा ते तीन बाहेर पडूच नये, दगड तापतो. किल्ल्यातल्या खानावळी महाग, एका रात्रीचं जेवण तर ठाण्याच्या राम मारुती रोडलाही लाजवेल अशा भावाचं झालं. मग आम्ही बाहेर बसस्थानकाकडे जाऊन जेवायला लागलो.

आता बाकीचं. पहिल्या संध्याकाळी जुन्या दरवाजातून आईंना आत नेलं. "१६६९" वाचून त्या बोटांवर मोजत उभ्या राहिल्या. "म्हणजे राज्याभिषेकाला अजून पाच वर्षं." एका ठिकाणी गिलावा उडाला होता, तिथे हात फिरवला. आत खवल्यांसारखा प्रवाळाचा दगड. बराच वेळ हात तिथेच. मला वाटलं आता वसईचं काही सांगतील. तर त्या पलीकडच्या गल्लीकडे बघत होत्या. तिथे एका घराच्या पडवीत दोरीवर कपडे वाळत घातले होते. शाळेचा पांढरा गणवेश, एक लुंगी, दोन टॉवेल. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ, कपडे."

तीन दिवसांत त्यांनी चर्च पाहिलं, तिथल्या जमिनीतल्या थडग्यांवर पाय द्यायला नको म्हणून कडेकडेने चालल्या. दीपगृहासमोरची मशीद पाहिली, ती लांबून चर्चच वाटते म्हणून हसल्या. पण रमल्या त्या आमच्या पडवीतच. सकाळी सातला खुर्ची टाकून बसायच्या. पांढऱ्या गणवेशातल्या दोन वेण्यांच्या मुली शाळेत जायच्या, मग काळे कोट घातलेले वकील कोर्टाकडे, मग मासेवाला सायकलवरून. घरवाली सिंहली आणि थोडं इंग्रजी, आई मराठी आणि थोडं इंग्रजी, तरी दोघींचं तासतास चालायचं. उंबलकडाचा विषय पहिल्याच रात्री मिटला. खलबत्ता, तुमचा कागद चालला. तिने आईंसाठी वेगळी चटणी वाटली आणि पाटा दाखवायला आत नेलं.

संक्रांतीच्या दिवशी मी ठाण्याहून नेलेला तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. तिने वास घेतला, खाल्ला, आणि काही न बोलता आत जाऊन पातळ कागदात गुंडाळलेल्या लांबट वड्या घेऊन आली. तीळ आणि गूळ! म्हणाली, "तल गुली." आईंनी "तिळगूळ" म्हटलं, तिने "तल गुली" म्हटलं, असं चार-पाच वेळा दोघी लहान मुलींसारख्या म्हणत राहिल्या. "गोड बोला"चं भाषांतर करायला मला बोलावलं, मला धड जमलं नाही.

नवरा आणि मुलगा दोन दुपारी पोहून आले, त्यामुळे तलावाचा विषय निघाला नाही. मैदान बंद होतं, मुलगा तटावरूनच अर्धा तास बघत होता. रेल्वेत डावीकडच्या खिडक्या मिळाल्या.

सीवूड्सची_सई | २१ जानेवारी, रात्री १०:३०

अगं किती छान! त्या घराचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कर, आईला पुन्हा न्यायचंय. आणि खरं सांग, पायऱ्या किती होत्या?

नौपाड्याची_नमू | २१ जानेवारी, रात्री १०:३४

व्यनि केलाय. सात. दोन उंबरे तिने धरलेच नव्हते.